स्पेलिंगची स्पर्धा : कोणाच्या कामाची, आणि केव्हा?

संशोधन आराखड्यांच्या शीर्षकांमध्ये 'महत्त्व' हा शब्द फार भेटतो. 'ग्रामीण विकासात बचत गटांचे महत्त्व', 'मुलांच्या जडणघडणीत खेळाचे महत्त्व', 'वाचन संस्कृती आणि ग्रंथालयांचे महत्त्व : एक अभ्यास'. तुम्ही सध्या पीएचडीसाठी विषय शोधत असाल तर तुमच्याही वहीत असं एखादं शीर्षक असणार. माझ्या वहीत होतं. शिक्षणाच्या इतिहासात काम करायचं ठरलं होतं आणि मी मोठ्या उत्साहाने 'शालेय स्पर्धांचे महत्त्व' असं लिहून नेलं. आराखडा वाचणाऱ्या बाईंनी शीर्षकाखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले : 'कोणाला? केव्हा?'

तेव्हा राग आला होता. पण पुढे ज्या विषयाने मला धरून ठेवलं तो याच दोन शब्दांतून निघाला, म्हणून आज तोच घेऊन तुमच्यासमोर येतो आहे. विषय आहे अमेरिकेतल्या मुलांच्या स्पेलिंग स्पर्धा. तिकडे त्याला 'स्पेलिंग बी' म्हणतात. तुम्ही कुठेतरी व्हिडिओ पाहिला असेल. बारा-तेरा वर्षांचं मूल माइकसमोर उभं. समोरून शब्द सांगितला जातो. मूल विचारतं, शब्द कुठल्या भाषेतून आला, अर्थ काय, वाक्यात वापरून दाखवा. तळहातावर बोटाने गिरवून बघतं आणि एकेक अक्षर म्हणतं. चुकलं की घंटा वाजते आणि मूल स्पर्धेतून बाद. दरवर्षी आपल्याकडे बातमी येते की भारतीय वंशाच्या मुलाने स्पर्धा जिंकली, आणि लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, काय जिद्दीची पोरं आहेत! दुसरा म्हणतो, फोन आपोआप स्पेलिंग सुधारतो त्या काळात हे पाठांतर करून काय मिळवलं?

दोन्ही पक्ष 'महत्त्व' याच शब्दाभोवती भांडत आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या भांडणात पडायच्या आधी मागे जाऊन बघावं, की हाच प्रश्न पूर्वी कोणी विचारला होता आणि त्यांना काय उत्तर मिळालं.

सुरुवात १७८३ पासून करू. नोआ वेब्स्टर नावाच्या कनेक्टिकटमधल्या शाळामास्तराने त्या वर्षी स्पेलिंगचं पुस्तक काढलं. शब्दकोशवाला वेब्स्टर तो हाच, पण त्याचा मोठा शब्दकोश यायला १८२८ उजाडलं. निळ्या वेष्टनामुळे हे पुस्तक पुढे 'ब्लू-बॅक्ड स्पेलर' म्हणून ओळखलं गेलं आणि एकोणिसाव्या शतकभर त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. देश नुकताच ब्रिटनपासून सुटलेला, प्रत्येक भागाचा उच्चार वेगळा, स्थलांतरितांच्या भाषा वेगळ्या. सगळ्यांनी एकसारखं लिहिलं आणि उच्चारलं तर हे लोक एक राष्ट्र होतील, अशी वेब्स्टरची धारणा. 'ऑनर'मधला यू त्याने पुढे काढून टाकला, 'सेंटर'च्या शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल केली. ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगचा जो घोळ आपण शाळेत सहन केला, त्याचा बराचसा उगम इथे आहे.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी स्पेलिंग हा लिहिण्याचा भाग नव्हता, वाचायला शिकण्याची पद्धतच ती होती. मूल मोठ्याने बी-ए-के-ई-आर म्हणायचं आणि मग 'बेकर' म्हणायचं. आपल्याकडे 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि' असं सुरात म्हणत मुलं बाराखडी शिकायची, तसंच. म्हणून स्पर्धाही तोंडी. लेखी परीक्षेच्या सवयीने पाहिलं तर स्टेजवर उभं राहून स्पेलिंग म्हणणं विचित्र वाटतं. त्या काळच्या शाळेत मात्र रोजचा पाठ तसाच चालायचा आणि स्पर्धा हा त्या पाठाचाच जाहीर प्रयोग होता.

'बी' या शब्दाचंही थोडं सांगतो. अमेरिकेच्या खेड्यांत शेजारीपाजारी जमून एखाद्याचं काम उरकायचे, मक्याची कणसं सोलायची असोत की गोधडी शिवायची, त्या जमण्याला 'बी' म्हणत. आपल्याकडची इर्जिक आठवा : एकाच्या शेतावर सगळ्यांनी आपापले बैल-नांगर घेऊन जायचं आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवायचं. 'स्पेलिंग बी' म्हणजे स्पेलिंगची इर्जिक. हिवाळ्यातल्या लांब रात्री, शाळेची खोली, दोन बाजूंना दोन फळ्या, आणि गावातली थोरमोठी माणसंसुद्धा भाग घेणारी. मुलांच्या विकासाचा वगैरे विचार त्यात फारसा नव्हता. करमणूक होती.

१८७१ मध्ये एडवर्ड एगल्स्टन याची 'द हूजियर स्कूलमास्टर' ही कादंबरी आली. इंडियाना राज्यातल्या खेड्यात नव्याने आलेला तरुण मास्तर, आणि गावात स्पेलिंगची स्पर्धा. गावच्या पट्टीच्या स्पर्धकाला मास्तर हरवतो. मग हॅना नावाची मुलगी उभी राहते. ती करारावर बांधलेली मोलकरीण आहे. 'डॅगेरोटाइप' या शब्दावर मास्तर अडखळतो आणि ती बरोबर सांगते. या कादंबरीनंतर, विशेषतः १८७५ च्या सुमारास, शहरांतूनही स्पेलिंग स्पर्धांची लाट आली. त्याच वर्षी हार्टफर्ड शहरातल्या अशा एका कार्यक्रमात मार्क ट्वेनने भाषण करून स्पेलिंगची यथेच्छ थट्टा केली.

कादंबरी हा पुरावा म्हणून किती वापरायचा, यावर तुमचा मार्गदर्शक तुमच्याशी वाद घालेल, आणि घालावाच. खेड्यांत खरोखर मोलकरणी जिंकत होत्या, असं या कादंबरीवरून सिद्ध होत नाही. पण वाचकांना ती गोष्ट आवडली, एवढं नक्की दिसतं. मालकाच्या घरी खाली मान घालून राहणारी मुलगी सगळ्या गावासमोर मास्तरला हरवते, आणि तिचं उत्तर बरोबर नाही असं कोणी म्हणू शकत नाही. तिचं घराणं, कपडे, बोलणं यावर काय वाटेल ते बोलता येईल. अक्षरांच्या क्रमावर बोलता येत नाही. हा मुद्दा हाताशी ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ज्याला आपण संशोधन म्हणतो तिकडे येऊ. १८९० च्या दशकात जोसेफ मेयर राइस याने विचारलं, की शाळा स्पेलिंगवर एवढा वेळ घालवतात त्याने मुलांचं स्पेलिंग खरंच सुधारतं का? राइस पेशाने डॉक्टर. प्रॅक्टिस सोडून जर्मनीत जाऊन शिक्षणशास्त्र शिकला आणि परत येऊन अमेरिकेतल्या शाळा बघत हिंडला. त्याने वेगवेगळ्या शहरांतल्या सुमारे ३३,००० मुलांची चाचणी घेतली आणि १८९७ मध्ये 'द फोरम' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. लेखाच्या नावाचा अर्थच 'स्पेलिंगच्या घोकंपट्टीची व्यर्थता' असा होता. रोज भरपूर वेळ घोकून घेणाऱ्या शाळांची मुलं आणि थोडक्यात आटपणाऱ्या शाळांची मुलं यांच्या निकालात म्हणावा असा फरक त्याला आढळला नाही. दिवसाला पंधरा मिनिटं पुरेत, असं त्याचं म्हणणं.

मला या अभ्यासातला निष्कर्षापेक्षा एक बारका तपशील जास्त आवडतो, आणि संशोधनपद्धतीच्या प्रत्येक वर्गात तो सांगायला हवा असं वाटतं. पहिल्या फेरीत त्याने शब्दांची यादी शाळांना दिली आणि शिक्षकांनी ती वर्गात सांगितली. काही वर्गांचे निकाल इतके चांगले आले की राइसलाच शंका आली. त्याने चौकशी केली. काही शिक्षक शब्द इतका फोडून, इतक्या काळजीने उच्चारत होते की उत्तर त्या उच्चारातच होतं. वर्ग तोच, यादी तीच, पण मोजलं जात होतं भलतंच. मग त्याने पद्धत बदलली, शब्द वाक्यांत गुंफले, स्वतः देखरेख केली. आपल्या हाताला आलेल्या 'छान' आकड्यांवर संशय घेणारा माणूस १८९० च्या दशकात होता. आपण आज गूगल फॉर्मवर आलेली उत्तरं तशीच्या तशी एक्सेलमध्ये ओततो.

शाळांच्या कारभाऱ्यांनी राइसची खिल्ली उडवली. आकडे मोजून शिक्षण कळतं का, हा सूर. ते जाऊ द्या. आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की स्पेलिंगच्या घोकंपट्टीने स्पेलिंग सुधारत नाही असं आकड्यांनिशी सांगून झालं होतं, आणि तरी पुढच्या तीस वर्षांत स्पेलिंग स्पर्धा बंद पडली नाही. उलट राष्ट्रीय झाली. म्हणजे ती ज्या कामासाठी आहे असं सांगितलं जात होतं, त्यापेक्षा वेगळं काहीतरी काम ती करत असणार. 'महत्त्व काय' हा प्रश्न इथे मोडतो आणि त्याच्या जागी 'कोणाला, केव्हा' येतो.

२९ जून १९०८. क्लीव्हलंड शहर, हिप्पोड्रोम नाट्यगृह. अमेरिकेतल्या शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन भरलं होतं आणि त्यात शहराशहरांमधली स्पेलिंग स्पर्धा ठेवली होती. क्लीव्हलंड, पिट्सबर्ग, ईरी आणि न्यू ऑर्लीन्स, अशी चार पथकं. क्लीव्हलंडच्या पथकात मेरी बोल्डन नावाची चौदा वर्षांची मुलगी होती, एका पोस्टमनची लेक. ती कृष्णवर्णीय होती. न्यू ऑर्लीन्सच्या गोऱ्या पथकाने आक्षेप घेतला. वंशानुसार वेगळे डबे, वेगळ्या शाळा कायदेशीर ठरवणारा प्लेसी खटला त्यांच्याच शहरातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि त्याचा निकाल लागून फक्त बारा वर्षं झाली होती. घरी ज्या मुलीशेजारी बसायची त्यांना सवय नव्हती, तिच्याशी बरोबरीने स्पर्धा करायची वेळ आली होती. क्लीव्हलंडने मेरीला काढलं नाही. लेखी आणि तोंडी मिळून ५०० शब्द होते. मेरीने एकही चूक केली नाही. तिचं पथकही जिंकलं.

आता राइसचा अभ्यास आणि मेरीचा विजय शेजारी ठेवून बघा. राइसच्या तक्त्यात तिचे ५०० पैकी ५०० म्हणजे एक नोंद. त्यातून स्पेलिंग शिकवण्याच्या पद्धतीबद्दल काही कळत नाही. पण कृष्णवर्णीय मुलांची बुद्धीच कमी, असं शिकले-सवरलेले लोक भाषणांतून सांगत होते त्या काळात तिचं उत्तर नाकारण्याची सोय कोणाला नव्हती. निबंध स्पर्धा असती तर परीक्षकाला 'भाषा जरा कच्ची आहे' म्हणता आलं असतं. वक्तृत्व असतं तर उच्चारावर बोट ठेवता आलं असतं. इथे अक्षरं एकतर बरोबर किंवा चूक. कादंबरीतल्या हॅनाचा प्रसंग खऱ्या नाट्यगृहात घडला होता.

पण एवढ्यावर खूश होऊन थांबू नका. इतिहासात एक सुंदर प्रसंग सापडला की संशोधक त्याच्या प्रेमात पडतो आणि पुढची पेटी उघडायचीच विसरतो. माझं असं झालं होतं. दोन प्रकरणं लिहून झाल्यावर १९३६ समोर आलं.

त्याआधी १९२५ चं सांगावं लागेल. त्या वर्षी लुइव्हिल शहरातल्या 'कुरियर-जर्नल' या वर्तमानपत्राने पुढाकार घेऊन नऊ वर्तमानपत्रांची मोट बांधली आणि वॉशिंग्टनमध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. फ्रँक न्यूहाउझर हा अकरा वर्षांचा मुलगा 'ग्लॅडिओलस' या शब्दावर जिंकला. बक्षीस ५०० डॉलर, सोन्याच्या नाण्यांत. १९४१ मध्ये ही स्पर्धा स्क्रिप्स वृत्तपत्रसमूहाकडे गेली आणि आजही त्यांच्याच नावाने चालते. वर्तमानपत्रांना त्यात काय रस? खप. गावातलं मूल राजधानीत पोचलं की सगळं गाव रोज पेपर विकत घेणार.

साधनांच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे, म्हणून जरा थांबतो. स्पेलिंग स्पर्धांचा इतिहास लिहायला बसलात की तुमचं मुख्य साधन कोणतं? जुनी वर्तमानपत्रं. संगणकावर शोध टाकला की हजारो कात्रणं समोर येतात, आणि सगळी कशी आनंदी! हसरी मुलं, अभिमानी आई-बाप. पण बातमी छापणाराच स्पर्धेचा आयोजक आहे. तो स्वतःच्या स्पर्धेबद्दल वाईट कशाला छापेल? आणि दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना स्थानिक फेरीतच प्रवेश नव्हता. जी मुलं स्पर्धेत आलीच नाहीत, त्यांची बातमी येणार कुठून? म्हणून 'शिकागो डिफेंडर', 'पिट्सबर्ग कुरियर' अशी कृष्णवर्णीयांची स्वतःची वर्तमानपत्रं वाचल्याशिवाय या विषयावर लिहू नये. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातल्या शाळांबद्दल फक्त सरकारी अहवाल वाचून लिहिणाऱ्यांना आणि 'दीनबंधु' उघडूनही न बघणाऱ्यांना मी हेच सांगत असतो.

तर १९३६. ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरातली मॅकनोलिया कॉक्स, वय तेरा, कृष्णवर्णीय. तिने शहराची स्पर्धा जिंकली आणि तिथल्या 'बीकन जर्नल' या पेपरतर्फे ती राष्ट्रीय फेरीला निघाली. त्या वर्षी न्यू जर्सीची एलिझाबेथ केनी ही दुसरी कृष्णवर्णीय मुलगीही होती. राष्ट्रीय फेरीपर्यंत पोचलेल्या या पहिल्या दोघी. रेल्वे मेरीलँडच्या हद्दीत शिरली तशी मॅकनोलियाला आणि तिच्या आईला वेगळ्या डब्यात जावं लागलं. वॉशिंग्टनमध्ये बाकीचे स्पर्धक उतरले त्या हॉटेलात तिला खोली मिळाली नाही. एका कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या घरी तिची सोय झाली. मेजवानीला तिचं टेबल वेगळं.

आणि तरी ती शेवटच्या पाचांत पोचली. मग तिला शब्द आला 'नेमेसिस'. ग्रीक पुराणातल्या सूडाच्या देवतेचं नाव. विशेषनामं विचारायची नाहीत असा नियम होता आणि हा शब्द मुलांना दिलेल्या यादीत नव्हता. तिच्याबरोबर आलेल्या शिक्षिकेने आणि बीकन जर्नलच्या वार्ताहर बाईंनी जागच्या जागी हरकत घेतली. परीक्षकांनी ती फेटाळली. मॅकनोलिया बाद झाली.

परीक्षकांनी तो शब्द मुद्दाम काढला का? पुष्कळ ठिकाणी तसं सरळ लिहिलेलं आढळेल. तुम्ही लिहिताना सावध राहा. हेतू सिद्ध करायला हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं पुरत नाही. हॉटेलात खोली नाकारली, टेबल वेगळं लावलं, यादीबाहेरचा शब्द दिला आणि तक्रार ऐकली नाही, एवढं मात्र ठामपणे मांडता येतं. माझ्या मते तेवढं पुरेसं आहे. आधी मी लिहिलं होतं की अक्षरांच्या क्रमावर कोणी बोलू शकत नाही. ते खरंच आहे. पण कुठला शब्द विचारायचा, हे ठरवणारं कोणीतरी असतंच, आणि ती खुर्ची १९३६ मध्ये कोणाकडे होती हे उघड आहे. मेरी बोल्डनवर लिहिलेलं माझं पहिलं प्रकरण मी यानंतर पुन्हा लिहिलं.

मॅकनोलिया पुढे कॉलेजात जाऊ शकली नाही. ती घरकाम करत राहिली आणि १९७६ मध्ये वारली. ए. व्हॅन जॉर्डन या कवीने २००४ मध्ये तिच्या आयुष्यावर अख्खा कवितासंग्रह काढला, त्यामुळे आज तिचं नाव थोडं तरी घेतलं जातं. कृष्णवर्णीय मुलीने ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकायला १९९८ उजाडावं लागलं, आणि ती मुलगीही अमेरिकेची नव्हती, जमैकाची होती. अमेरिकेतली कृष्णवर्णीय मुलगी जिंकली ती २०२१ मध्ये.

आता आपल्या ओळखीच्या भागाकडे. १९८५ मध्ये बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता झाला, शब्द होता 'मिल्यू'. १९९९ ला नूपुर लाला जिंकली. त्या वर्षीच्या आठ मुलांवर निघालेला 'स्पेलबाउंड' हा माहितीपट २००२ मध्ये आला आणि खूप गाजला. २००८ ते २०१९ या काळात एकही वर्ष असं गेलं नाही की विजेत्यांत भारतीय वंशाचं मूल नाही. २०१९ मध्ये तर आयोजकांकडचे अवघड शब्द मुलांपुढे तोकडे पडले आणि आठ जणांना एकत्र विजेते घोषित करावं लागलं. त्यातले सात भारतीय वंशाचे.

कारण काय? 'आपल्या रक्तात पाठांतर आहे, वेदांपासूनची परंपरा आहे' हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. आराखड्यात लिहू नका. पाठांतराची परंपरा हजार वर्षांची असेल तर विजेते १९८५ नंतरच का? त्यापेक्षा १९६५ चा अमेरिकन स्थलांतर कायदा बघा. जुना देशवार कोटा गेला आणि कौशल्य असलेल्यांना वाट मोकळी झाली. भारतातून गेले ते डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ. म्हणजे आधीच चाळणीतून निघालेली माणसं, परीक्षेच्याच जोरावर पुढे आलेली. नव्या देशात ओळखीपाळखी नाहीत, मुलांना बेसबॉल शिकवायचा तर स्वतःला येत नाही. पण शब्दकोश सगळ्यांना सारखाच उघडा. त्यात १९८९ मध्ये रत्नम चित्तुरी यांनी नॉर्थ साउथ फाउंडेशन सुरू केलं. भारतातल्या गरीब हुशार मुलांना शिष्यवृत्ती देणं हा त्याचा हेतू, आणि अमेरिकेत मुलांच्या स्पर्धा भरवणं हे त्याचं दुसरं अंग. गावोगावी शाखा, आई-बापच परीक्षक, आई-बापच स्वयंसेवक. राष्ट्रीय फेरीच्या कितीतरी आधी मुलांना स्टेजची सवय. शालिनी शंकर यांचं 'बीलाइन' हे २०१९ चं पुस्तक या कुटुंबांमध्ये वावरून लिहिलेलं आहे. मानववंशशास्त्राची पद्धत कशी चालते ते पाहायला जरूर वाचा.

मुलांना यातून काय मिळतं, यावर मानसशास्त्रज्ञांनीही काम केलं आहे. अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी राष्ट्रीय फेरीतल्या मुलांचा अभ्यास करून २०११ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. मजेसाठी वाचणं, कोणीतरी शब्द विचारणं आणि एकट्याने बसून शब्द व त्यांची मुळं घोकणं, असे सरावाचे तीन प्रकार त्यांनी मोजले. निकालाशी सगळ्यात घट्ट नातं तिसऱ्याचं निघालं. आणि मुलांनी सगळ्यात कष्टाचा, सगळ्यात कमी आनंदाचा म्हणून सांगितला तोही तिसराच. हा निबंध पुष्कळ पालक आणि वक्ते वापरतात, 'बघा, कष्टाला पर्याय नाही' म्हणून. तुम्ही मात्र आधी नमुना बघा. यात फक्त राष्ट्रीय फेरीपर्यंत पोचलेली मुलं आहेत. तेवढंच घोकून शाळेच्या फेरीत दुसऱ्याच शब्दाला बाद झालेली मुलं त्यात नाहीत. पोचलेल्यांमध्ये कोण पुढे गेलं एवढंच हा अभ्यास सांगतो, स्पर्धा मुलाला काय देते हे नाही. लेखकांनी तसा दावाही केलेला नाही. दावा त्यांचा हवाला देणाऱ्यांनी केला.

'स्पेलबाउंड'मध्ये टेक्सासमधली एक मुलगी आहे. वडील मेक्सिकोतून आलेले, गुरांच्या रँचवर कामाला, इंग्रजी येत नाही. ती राष्ट्रीय फेरीपर्यंत पोचते. शिकवणी लावलेल्या मुलांपेक्षा मला तिच्याबद्दल जास्त प्रश्न पडतात, आणि तुम्हालाही पडावेत. तिच्या वडिलांसाठी त्या प्रवासाचा अर्थ काय होता, हे कुठल्याच गुणतक्त्यात मावत नाही.

अलीकडचं एक उदाहरण देऊन आपल्याकडे वळतो. नुसतं घोकणं नको, अर्थही कळला पाहिजे, या टीकेमुळे २०२१ पासून स्टेजवर शब्दांचे अर्थही विचारू लागले. २०२२ मध्ये हरिणी लोगन अर्थाच्या फेरीत बाद झाली. मग परीक्षकांनी पुन्हा तपासलं तेव्हा लक्षात आलं की तिने निवडलेला अर्थही बरोबर धरता येतो. तिला परत घेतलं आणि शेवटी तीच जिंकली. अर्थ आत आला तसा वादही आत आला. आणि या वेळी परीक्षकांनी माघार घेतली. १९३६ शी ताडून बघा.

आपल्याकडे मराठीत अशी स्पर्धा का रुजली नाही? सरळ उत्तर असं, की आपण बहुतेक शब्द बोलतो तसे लिहितो, प्रश्न उरतो तो ऱ्हस्व-दीर्घाचा, आणि तो स्टेजवर उभं राहून म्हणण्यात मजा नाही. पण मला वाटतं याखाली आणखी एक गोष्ट आहे. आपण त्याला 'शुद्धलेखन' म्हणतो. इंग्रजीत अक्षर चुकलं तर ते फक्त चुकतं, मराठीत ते 'अशुद्ध' होतं. अमेरिकेतल्या मुलाचा उच्चार कसाही असो, एकेक अक्षर सांगितलं की काम झालं. आपल्याकडे पोराने 'पानी' म्हटलं की लिहायच्या आधीच वर्ग हसतो, आणि हसणाऱ्यांच्या घरात 'पाणी' म्हणतात हा त्यांचा पराक्रम नसतो. आपल्या शब्दयादीची खुर्ची कोणाकडे होती, हा प्रश्न अमेरिकेइतकाच इथेही विचारता येतो.

विषय शोधत असाल तर एक सांगून ठेवतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम राज्य सरकारने १९६२ मध्ये मान्य केले. आधी 'नांव', 'कांहीं', 'गांव' लिहायचे, त्यातले उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. १९७२ मध्ये आणखी चार नियम जोडले. म्हणजे काल ज्या अनुस्वारासाठी मुलाला शाबासकी मिळत होती, त्याच अनुस्वाराखाली आज लाल रेघ. मधल्या वर्षांत मास्तरांनी वह्या कशा तपासल्या असतील? परीक्षकांना काय सूचना गेल्या? घरी बाप 'नांव' लिहितो आणि शाळेत मुलगी 'नाव' लिहिते, तेव्हा त्या घरात काय बोलणं झालं? त्या काळी चौथी-पाचवीत असलेली माणसं आज सत्तरीच्या आसपास आहेत आणि बोलायला तयार असतात. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांच्या कपाटांत शेरेबुकं अजून सापडतात. फक्त वाळवीच्या आधी पोचायला हवं.